तुम्ही विचारलंत म्हणून: ऑडिशनला लक्षात कसं राहायचं?

गावातली मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, हल्ली ओळखपाळख नसलेलेही फोन करून विचारतात: "ताई, ऑडिशनला एवढे जण येतात, त्यात आपण लक्षात राहायचं तर काय करायचं?"

मी कुडाळला हौशी नाटकं बसवते. इकडे चित्रीकरणाला येणाऱ्या मंडळींनी स्थानिक ऑडिशन ठेवली की पुष्कळदा कॅमेऱ्याशेजारच्या खुर्चीत बसून समोरच्या पात्राची वाक्यं मीच वाचते, म्हणजे क्यू देते. त्या खुर्चीतून जे दिसतं त्यावरून सांगते. वाक्यं सगळेच पाठ करून येतात, रडून दाखवणारेही खूप असतात. लक्षात राहतो तो समोरच्याचं खरोखर ऐकणारा.

आता हे नीट सांगते, कारण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही.

पूर्वी आमच्याकडच्या नटाला ऑडिशन म्हणजे कोकणकन्येचं तिकीट, पहाटे ठाण्याला किंवा दादरला उतरणं, कुणा मामाकडे आंघोळ आणि मग अंधेरीचं आरामनगर, म्हणजे ऑडिशनचा अड्डा. दाराबाहेर रांग. आतला माणूस चेहरा बघून 'फिट' किंवा 'नॉट फिट' म्हणणार, की परत गाडी. २०१६ साली इथल्या आकेरी गावात एका मालिकेचं चित्रीकरण सुरू झालं, आणि आपल्या गावातल्या वाड्यातही हे काम होऊ शकतं हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. आता निम्म्याहून जास्त वेळा निरोप येतो तो मोबाइलवरच: दोन पानं पाठवतोय, उद्या संध्याकाळपर्यंत व्हिडिओ करून पाठवा.

ऑडिशन खोलीत असो की घरी, एक गोष्ट मुलांना माहीत नसते. कॅमेऱ्यामागे उभा असलेला माणूस बहुतेक वेळा ठरवणारा नसतोच. तो कास्टिंगचा, म्हणजे नट निवडण्याच्या कामातला, सहायक असतो. त्यानं घेतलेलं चित्रण कास्टिंग दिग्दर्शकाकडे जातं, तिथून दिग्दर्शकाकडे, निर्मात्याकडे, मालिका असेल तर वाहिनीकडे. तुम्ही आत शिरताना केलेला वाकून नमस्कार, सोबत आणलेले काजू, गेल्या वर्षी मिळालेलं प्रशस्तिपत्र, यातलं काहीही त्या चित्रणात जात नाही. जातात फक्त तुमचे डोळे, तुमचा आवाज आणि त्या दीड-दोन मिनिटांत तुमच्यात झालेला बदल. म्हणून वेगळं दिसण्यासाठी केलेल्या युक्त्यांवर माझा अजिबात विश्वास नाही. कोळणीची भूमिका आहे म्हणून नऊवारी नेसून, डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या मुली मी बघितल्यात. बघणाऱ्याचं सगळं लक्ष पाटीकडे जातं.

एका मुलीचं सांगते. ऑडिशन शाळेच्या वर्गात होती. प्रसंग असा: आजोबांनी नातीच्या नावावर केलेली हापूसची बाग तिनं विकलीय आणि ते तिला आता बापाला सांगायचंय. बापाचं पहिलं वाक्य, "बस, चहा टाकतो." त्यावर तिचं, "बाबा, मी सही केली." सकाळपासून आलेल्या मुली वर्गात पाऊल टाकतानाच रडवेल्या होत्या, माझं वाक्य संपायच्या आत त्यांचा आवाज कापायला लागायचा. चहाचं कुणी ऐकलंच नव्हतं. ही मुलगी आली. मी "बस, चहा टाकतो" म्हटलं, ती बसायला वाकली आणि मध्येच थांबली. बसले तर सांगता यायचं नाही, हे तिला त्याच क्षणी कळलं असं आम्हाला दिसलं. खुर्चीची पाठ धरून ती उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, मी सही केली." आता मी "कसली सही?" म्हणायचं, तेवढ्यात बाहेरून हॉर्न वाजवत एसटी गेली. मी थांबले. ती हलली नाही, कॅमेऱ्याकडे बघितलं नाही, 'परत घेऊ का' विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, बाप काय म्हणतो याची वाट बघत. चित्रणात ते थांबणं बापाचंच वाटलं.

ती भूमिका तिला मिळाली नाही. आई म्हणून निवडलेली नटी तिच्यापेक्षा फारच बुटकी होती, मायलेकी शोभल्या नसत्या. अशा कारणांवर तुमचा काही इलाज नाही, तेव्हा निवड झाली नाही म्हणजे काम वाईट झालं असं धरून चालू नका. पण दुपारी जेवताना सहायकानं नाव विचारलं ते तिचंच, आणि तिचा नंबर त्यानं वेगळा लिहून घेतला.

हे ऐकणं शिकायला मुंबईला जायची गरज नाही, ते आपल्या जत्रांमध्ये आहे. दशावतार या आपल्या लोकनाट्याला लिहिलेली संहिता नसते. खेळाआधी कथानक ठरतं, कोण कुठला पार्ट करणार ते ठरतं, आणि जो तो आपली ट्रंक उघडून स्वतःचं तोंड स्वतः रंगवायला बसतो. संवाद उभे राहतात ते देवळासमोर, पेटी-पखवाजाच्या साथीत, एका लाकडी बाकावर. कधी ते बाक सिंहासन असतं, कधी रथ. राजा काय बोलणार हे राणीला अक्षरशः माहीत नसतं. ऐकलं नाही तर तिला पुढचं वाक्यच सुचणार नाही. रात्रभर हे चालतं आणि एकाचं दुसऱ्यावाचून अडतं. लिहिलेलं वाक्यसुद्धा असंच, आत्ता सुचल्यासारखं यायला हवं. त्यासाठी घरी सराव करताना आपली वाक्यं कमी घोका आणि समोरच्याची जास्त वाचा. त्याच्या कुठल्या शब्दावर तुमच्या पात्राला बोलावंसं वाटतं, तो शब्द शोधा. आणि प्रसंग सुरू व्हायच्या अर्धा मिनिट आधी हे पात्र कुठे होतं, काय करत होतं, हे मनाशी पक्कं करून या. मुलगी पायवाटेनं चालत आली की रिक्षानं, यानंसुद्धा तिचा पहिला श्वास बदलतो.

आमच्या नटांची अडचण निघते ती आवाजात. गणपतीतलं किंवा शिमग्यातलं नाटक म्हणजे मांडवात लोंबणारे दोन माइक आणि शेवटच्या रांगेतल्या आजीपर्यंत पोचायचं. ती सवय फार मोलाची आहे, राज्य नाट्य स्पर्धेत रत्नागिरीच्या रंगमंचावर तीच उपयोगी पडते. पण छातीपासून वरचं चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यासमोर क्यू देणारी व्यक्ती तीन हातांवर बसलेली असते. तिच्यापर्यंत पोचेल एवढाच आवाज लावा. हातवारे चौकटीबाहेर जातात, दिसतच नाहीत. नजर मात्र नको तितकी दिसते, म्हणून ती भिरभिरू देऊ नका. भावना कमी करा असं मी कधीच म्हणत नाही. अंतर कमी झालंय, तेवढं ओळखा.

आणि मालवणी. "आमचो टोन जाणा नाय, आमका कोण घेतलो?" (आमचा टोन जात नाही, आम्हाला कोण घेणार?) असं मुलं फार खालच्या आवाजात विचारतात, आणि मला ते ऐकवत नाही. मच्छिंद्र कांबळी यांनी हीच बोली मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर आणली आणि साऱ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. त्यातून एक गैरसमज मात्र राहिला, की मालवणी म्हणजे हसवायचंच. त्या बागेवाल्या मुलीला सहायकानं शेवटी सांगितलं, आता हेच तुझ्या बोलीत कर. ती म्हणाली, "बाबा, मी सही केलंय." कुणी हसलं नाही. तुमची बोली ही तुमची जमा आहे. मात्र भूमिका पुण्याच्या डॉक्टरची असेल तर प्रमाण मराठीही स्वच्छ यायला हवी. दशावतारात एकाच रात्री संकासुर हा राक्षस मालवणीत बोलतो आणि देव-राजे भारदस्त मराठीत, दोन्ही आपल्याच मातीतले नट करतात. मोठ्यानं वाचायची सवय ठेवा, रोज, वर्तमानपत्र चालेल. न मागता मात्र मालवणी घुसडू नका.

घरी व्हिडिओ करणाऱ्यांसाठी थोडं. फोन आडवा धरा (उभा सांगितला असेल तरच उभा), डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर नेमका तेव्हाच कुणाचातरी फोन येतो. पडवीत खळ्याकडे तोंड करून उभं राहिलात की सकाळचा उजेड पुरतो, वीज गेली तरी अडत नाही. पाठीमागे साधी भिंत, देवांच्या तसबिरी नकोत. बारीक चौकड्यांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात तो लहरतो. पावसाळ्यात पत्र्यावरच्या आवाजानं शब्द बुडतात, तेव्हा माजघरात गोधड्या टांगून घ्या. क्यू देणाऱ्याला लेन्सच्या अगदी शेजारी बसवा आणि त्याच्याकडे बघून बोला. लेन्समध्ये थेट बघायचं ते नाव, वय, उंची, गाव सांगताना. क्यू द्यायला घरातलं कुणीही चालतं. वहिनीनं सपाट वाचलं तरी हरकत नाही, सपाट वाचणाऱ्याचंही ऐकता येतं.

खोलीत ऑडिशन असेल आणि 'आता हेच न रागावता करा' असं सांगितलं, तर मनातून आनंदी व्हा. पहिलं आवडलं नाही असा त्याचा अर्थ नसतो. सांगितलेलं तुम्ही घेता का, हे त्यांना बघायचं असतं. पहिल्यासारखंच थोडं हळू करून दाखवणारे तिथेच मागे पडतात. वाक्य विसरलात तर माफी मागत थांबू नका, अर्थ धरून पुढे जा.

पैशांचं एकदाच आणि स्पष्ट सांगते. ऑडिशनसाठी, नावनोंदणीसाठी, 'आमच्याच माणसाकडून फोटो काढून घ्या' म्हणून जो पैसे मागतो, त्याच्याकडे जायचं नाही. काम देणारा तुम्हाला पैसे देतो. अठरा वर्षांखालच्या मुलासोबत आईवडिलांपैकी कुणीतरी हवंच, आणि ऑडिशन म्हणून कुणी रात्री हॉटेलच्या खोलीवर बोलावलं तर मोठ्यांनीही जायचं नाही, भूमिका कितीही मोठी असो.

सराव कुठून सुरू करू, असं विचारणार असाल तर कार्तिकात जत्रा लागल्या की कुठल्याही मंडळाच्या खेळाला पुढे जाऊन बसा. राजा तावातावानं बोलत असेल तेव्हा त्याच्याकडे बघू नका. बाकाच्या दुसऱ्या टोकाला उभी असलेली राणी काय करते ते बघा, आणि दुसऱ्या दिवशी घरी कुणालातरी राजाची वाक्यं वाचायला लावून, स्वतः एक शब्दही न बोलता तो प्रसंग करून बघा. मग या माझ्याकडे, पुढचं बसून बोलू.