समोर बसलेला प्राध्यापक उद्याचा डीन असतो

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात एका विद्यापीठात मी नोकरी करते. कामाचं स्वरूप थोडक्यात असं: प्राध्यापकांच्या युनियनशी घासाघीस करून करार करायचा, आणि पुढची तीन-चार वर्षं त्याच करारातल्या कलमांवरून येणाऱ्या तक्रारी निस्तरायच्या. टेबलावर मी विद्यापीठाच्या बाजूला बसते. माझे मामा महाराष्ट्रात प्राध्यापक होते आणि २०१३च्या परीक्षा-बहिष्कारात हिरिरीने उतरले होते. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि फोनवर एवढंच म्हणाले, "म्हणजे तू मालकांच्या पंगतीला!"

मामांच्या मनातला मालक म्हणजे मंत्रालय. वेतनश्रेणी यूजीसीने सुचवायची, राज्याने जीआर काढायचा, थकबाकीसाठी एमफुक्टोने, म्हणजे प्राध्यापकांच्या राज्यव्यापी महासंघाने, आंदोलन करायचं; या सगळ्यात कुलगुरूंच्या हाती पगारातला एक रुपयाही नसतो. इथे प्रांताचं सरकार अनुदान देतं, पण पगार, कामाचा भार, रजा, बढतीचे निकष हे प्रत्येक विद्यापीठ आपल्या युनियनशी बसून ठरवतं. शेजारच्या विद्यापीठाचा करार वेगळा असतो आणि दोन्ही बाजू तो तोंडपाठ करून आलेल्या असतात.

प्राध्यापक हा मुळात कामगार आहे का, हा प्रश्न आपल्याकडेही कोर्टात गेला होता. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सुंदरंबाळ खटल्यात निकाल दिला की औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक कामगार ठरत नाही. अमेरिकेत १९८०च्या येशिवा विद्यापीठाच्या खटल्यात तर्क उलट्या बाजूने चालला. अभ्यासक्रम, नेमणुका, प्रवेश हे सगळं प्राध्यापकच ठरवतात, म्हणजे ते व्यवस्थापनच झाले, असं म्हणून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खासगी विद्यापीठांतल्या युनियनची वाट अवघड करून ठेवली. कॅनडात १९७०च्या दशकात एकामागून एक विद्यापीठांत युनियन आल्या आणि आज बहुतेक ठिकाणी त्या आहेत. टोरंटो विद्यापीठासारखे अपवाद आहेत. तिथे प्राध्यापकांची संघटना आहे, पण कामगार कायद्याखाली नोंदलेली युनियन नाही.

येशिवाच्या न्यायमूर्तींना जे खटकलं ते मात्र इथेही खरं आहे, आणि माझं सगळं काम त्याच पेचात चालतं. विभागप्रमुख बहुतेक ठिकाणी युनियनचाच सदस्य असतो. म्हणजे ज्याने सहकाऱ्याला तास वाटून द्यायचे, तो त्याच सहकाऱ्याबरोबर संपाच्या बाजूनेही मतदान करू शकतो. डीन, म्हणजे विद्याशाखेचा प्रमुख, झाला की माणूस युनियनमधून बाहेर पडतो आणि आमच्या बाजूला येऊन बसतो. पाच वर्षांची मुदत संपली की परत वर्गात, परत युनियनमध्ये. वाटाघाटींत मी एखादं कलम कडक करायला गेले की शेजारचा डीन अस्वस्थ होतो, कारण ते कलम काही वर्षांनी त्यालाच लागू होणार असतं. समोर युनियनच्या बाजूने तावातावाने बोलणाऱ्या बाई पुढच्या फेरीत माझ्या शेजारच्या खुर्चीत असू शकतात. इथे कुणाला चीत करून जिंकण्यात काही राम नाही. हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी तुमच्याच समितीवर असतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, भांडण पगाराचं असणार. पगाराचं भांडण त्यातल्या त्यात सोपं, आकडे निदान मोजता तरी येतात. शिवाय १९९६च्या कायद्यामुळे एक लाख डॉलर किंवा त्याहून जास्त पगार असलेल्या सरकारी, निमसरकारी कर्मचाऱ्यांची नावं दरवर्षी पगारासकट जाहीर होतात, विद्यापीठंही त्यात आली. कुलगुरूंपासून सगळ्यांचे आकडे सगळ्यांना ठाऊक असतात. मामांना हे फार आवडलं.

खरी रस्सीखेच होते ती 'ठरवणार कोण' यावर. शैक्षणिक स्वातंत्र्याच्या, म्हणजे प्राध्यापकाला निर्भयपणे शिकवू-बोलू देणाऱ्या, कलमाला कुणी स्वल्पविरामाचाही धक्का लावला तर समोरच्या बाकावर एकदम शांतता पसरते. त्यामागे इतिहास आहे. १९५८ साली विनिपेगच्या युनायटेड कॉलेजात हॅरी क्रो नावाच्या इतिहासाच्या प्राध्यापकाने एका सहकाऱ्याला खासगी पत्र लिहिलं. त्यात कॉलेजच्या कारभारावर आणि धार्मिक वातावरणावर टीका होती. ते पत्र प्राचार्यांच्या हाती पडलं आणि क्रो यांची नोकरी गेली. प्राध्यापकांची देशव्यापी संघटना १९५१ पासून होती, पण चौकशी समिती नेमून तिने असं प्रकरण हाती घेतलं ते पहिल्यांदा याच वेळी. समितीतले एक सदस्य होते बोरा लास्किन, जे पुढे कॅनडाचे सरन्यायाधीश झाले. आजच्या करारांमधलं ते लांबलचक कलम वाचताना हे माहीत नसेल, तर नवीन आलेल्या वकिलाला ते नुसतं पाल्हाळ वाटतं.

प्रक्रिया कायद्याने बांधलेली आहे. जुना करार संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत नोटीस द्यायची. नोटीस गेली की चालू अटी गोठतात. विद्यापीठाला एकतर्फी काही बदलता येत नाही. मग दोन्ही बाजूंचे मसुदे येतात. इथे एक कबूल केलं पाहिजे की समोरचा संघ भारी असतो. संख्याशास्त्राचा प्राध्यापक आमच्या तक्त्यातली चूक आमच्या आधी शोधतो आणि तत्त्वज्ञानाच्या बाई 'वाजवी' या शब्दावर अख्खी दुपार घालवतात. (वकिलांना तासावर पैसे मिळतात, त्यांची तक्रार नसते.) बोलणी अडली की सरकारी समेट अधिकारी येतो. त्यालाही जमलं नाही, तर प्रांताच्या कामगार मंत्रालयाकडून 'समेट मंडळ नेमणार नाही' असं सांगणारं एक छोटं पत्र येतं, ज्याला सगळे 'नो बोर्ड' म्हणतात. त्या पत्रानंतर सतराव्या दिवसापासून युनियनचा संप किंवा व्यवस्थापनाची टाळेबंदी कायदेशीर ठरते. खऱ्या वाटाघाटी त्या पंधरवड्यातच होतात, आणि बऱ्याचशा टेबलापासून दूर, दोन्ही बाजूंचे मुख्य बोलणारे दोघेच कॉफी घेऊन व्हरांड्यात उभे असताना.

व्यवस्थापनाच्या हातात एक मोहात पाडणारं हत्यार असतं. एका फेरीत एकदाच, युनियनच्या नेत्यांना वळसा घालून आपला शेवटचा प्रस्ताव थेट सदस्यांच्या मतदानाला टाकता येतो. २०१८ मध्ये टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठाने ते वापरलं. कंत्राटी शिक्षक आणि शिकवणारे पदव्युत्तर विद्यार्थी संपावर होते. 'नेते अडून बसलेत, सदस्य आमच्या बाजूने आहेत' या समजुतीवर ते मतदान मागितलं जातं. सदस्यांनी प्रस्ताव फेटाळला. संप १४३ दिवस चालला आणि शेवटी प्रांताच्या नव्या सरकारने जुलैत कायदा करून तो संपवला. आमच्या कार्यालयात कुणी ते हत्यार काढायची भाषा केली की मी यॉर्कचं नाव घेते. पुढे चर्चा लांबत नाही.

त्या संपातले लोक आपल्या वाचकांना ओळखीचे वाटतील. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारे, तेच इथे एकेका कोर्सच्या कंत्राटावर. अनेक विद्यापीठांत त्यांची युनियन वेगळी असते आणि कायम प्राध्यापकांची वेगळी, आणि दोघांचे हितसंबंध दर वेळी जुळतात असं नाही. कायम जागा वाढवा, असं दोन्ही युनियन म्हणतात. पण त्या जागेवर आधी विचार कुणाचा, वर्षानुवर्षं तोच कोर्स शिकवणाऱ्याचा की बाहेरून आलेल्या ताज्या पीएचडीचा, हे विचारलं की सूर बदलतो.

करार झाला तरी लवादाची दारं उघडीच असतात. रायरसन विद्यापीठात विद्यार्थ्यांनी भरलेल्या अभिप्राय-पत्रकांवरून प्राध्यापकांचं शिकवणं मोजावं का, हा वाद बरीच वर्षं चालला. लवाद विल्यम कॅप्लान यांनी २०१८ मध्ये निकाल दिला की बढती किंवा कायम नेमणुकीसाठी शिकवण्याची परिणामकारकता या पत्रकांवरून मोजता येणार नाही. त्यानंतर आम्हालाही आमची पत्रकं नव्याने तपासावी लागली.

पैशाच्या बाजूला खोलीत नसलेलं सरकार जाणवतंच. २०१९ मध्ये ओंटारिओने देशी विद्यार्थ्यांची फी दहा टक्क्यांनी कमी करून गोठवली. त्याच वर्षी एका कायद्याने पगारवाढ तीन वर्षं वर्षाला एक टक्क्यावर बांधली. तो कायदा २०२२ मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला आणि झालेले करार पगारापुरते पुन्हा उघडावे लागले. फीची तूट परदेशी विद्यार्थ्यांच्या फीने भरून निघत होती, त्यांत आपली मुलंमुली भरपूर. २०२४ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने या विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली आणि तोही आधार डळमळला. 'पैसे नाहीत' हे आमच्या बाजूचं वाक्य आता बऱ्याच ठिकाणी खरं आहे.

पंचाईत अशी की ते ऐकून कुणी विश्वास ठेवत नाही, आणि त्याला कारण आहे लॉरेन्शियन. सडबरीच्या या विद्यापीठाने फेब्रुवारी २०२१ मध्ये, बुडणाऱ्या कंपन्या घेतात तसं, देणेकऱ्यांपासून कोर्टाचं संरक्षण घेतलं. आर्थिक संकटात नोकऱ्या कशा कमी करायच्या याची पायरीपायरीची पद्धत त्यांच्या करारात लिहिलेली होती. तिला बगल दिली गेली. एप्रिलमध्ये शंभराहून अधिक प्राध्यापकांना काढलं, बऱ्याच जणांना झूमवर कळलं. पुढच्या वर्षी प्रांताच्या महालेखापालांनी ठपका ठेवला की हा मार्ग घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं असं नाही, विद्यापीठाने तो निवडला होता. तेव्हापासून युनियनचा पहिला कागद पगाराचा येत नाही. आधी लेखापरीक्षित ताळेबंद, राखीव निधीची यादी आणि इमारतींवरच्या कर्जाचा तपशील मागितला जातो. आमच्या वित्त विभागाला तो उद्दामपणा वाटतो. मी त्यांना सांगते, द्या. वाटाघाटीला लागणारी माहिती दडवणं कायद्यालाही चालत नाही, आणि तो ताळेबंद वाचायला समोर लेखाशास्त्राचेच प्राध्यापक बसलेले आहेत.