'इंट्रो'च्या नावाखाली

आज भाचीच्या हॉस्टेल अ‍ॅडमिशनला गेलो होतो. रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थ्याचं वेगळं, पालकांचं वेगळं. रांगेतले निम्मे पालक न वाचताच सह्या ठोकत होते. ताईला म्हटलं, थांब, वाच आधी.

महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ पासून आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय कॉलेजातून काढलं की पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. मला सगळ्यात आवडलेलं कलम वेगळंच आहे: तक्रार आल्यावर प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची, आणि टाळाटाळ केली तर त्यांनाच गुन्ह्याला साथ दिल्याचं धरलं जातं. 'मुलांची गंमत हो' म्हणून हात झटकणाऱ्यांसाठी हे बरंय.

भाचीला आत्ताच एका सीनियरने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलंय. पहिलाच नियम: 'रात्री अकराला सगळ्यांनी इंट्रो द्यायचा, आवाज खाली.' ही म्हणते, "मामा, सगळेच देतात रे." देतात, कारण नाही म्हणणारी पहिली कोण होणार?

तिच्या फोनमध्ये रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर, १८००-१८०-५५२२, सेव्ह करून दिलाय. चोवीस तास चालतो. वर सांगितलं, मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट ठेव. अकरा वाजता फोन करणारे तिला.