ऑरेंज अलर्ट आला, आता माल उचलायचा का?

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. पावसाळा लागला की इथल्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या डोक्यात संध्याकाळी एकच प्रश्न असतो, आज रात्री माल खालीच ठेवायचा की माळ्यावर चढवायचा? हवामान खात्याच्या इशाऱ्यात याचं उत्तर नसतं. रत्नागिरी जिल्ह्यात किती पाऊस होऊ शकतो एवढंच तो सांगतो. पाणी आपल्या पायरीला लागेल का आणि कधी लागेल, हे आपलं आपल्याला जुळवावं लागतं. ते मी कसं शिकले ते इथे लिहिते आहे. नदी आणि खाडी जिथे एकमेकींना भेटतात, अशा कुठल्याही गावात ते कामाला येईल.

२२ जुलै २०२१ चा पूर आला तेव्हा आमच्याकडे मोजपट्टी एकच होती, २६ जुलै २००५ ची. ‘तेव्हा इथवर आलं होतं’ असं भिंतीवर बोट ठेवून सांगायचे आणि त्याच्या हातभर वर सामान ठेवायचे. २०२१ च्या पाण्याने ती खूण कधीच मागे टाकली. पहाटे पाणी शिरलं, दिवे गेले, मोबाईलही बंद पडले. तळमजलेच्या तळमजले बुडाले. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे १८६४ पासूनचं ग्रंथालय. २००५ मध्ये तिथली पुस्तकं भिजली होती, ती पुन्हा भिजली. आमच्या दुकानातले साड्यांचे गठ्ठे चिखलाने इतके जड झाले होते की दोघांना मिळून एक उचलवत नव्हता. गाळ धुऊन काढला तरी कापडाला जो वास राहतो तो जात नाही. असा माल फेकूनच द्यावा लागतो.

साफसफाई उरकल्यावर मी त्या दिवशी काय काय एकत्र आलं ते वहीत लिहायला घेतलं. आदल्या रात्रीपासून डोंगरात कोसळत होतं. घाटमाथ्यावर त्या दिवसांत किती पाऊस होता याचा अंदाज यायला महाबळेश्वरचा आकडा पुरे, २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ५९० मिलिमीटरच्या वर. तिथी आषाढ शुद्ध त्रयोदशी, म्हणजे पौर्णिमा तोंडावर आणि खाडीला उधाण. वाशिष्ठी आणि शिव या आमच्या दोन्ही नद्या गाळाने भरलेल्या. शिवाय कोयनेची वीज तयार करून सुटलेलं पाणी कोळकेवाडी धरणामार्गे आमच्याच वाशिष्ठीत येतं. त्यातल्या कशाचा वाटा किती यावर तेव्हा खूप वाद झाले. मला मात्र हे कळलं की यातली एकच गोष्ट पाहून चालणार नाही.

पहिला धडा इशाऱ्याच्या रंगांचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. आकड्यांत सांगायचं तर २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. पण आपला जिल्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेला. नारिंगी रंग सगळ्या जिल्ह्याला लागतो. राजापुरात धो धो आणि चिपळुणात रिपरिप, असं कितीदा तरी होतं. म्हणून मी रंग पाहून घाबरत नाही आणि निर्धास्तही होत नाही. नारिंगी दिसला की वही उघडायची, एवढाच त्याचा अर्थ घेते.

मग पाऊस कुठला पाहायचा? चिपळूण शहरातला नव्हे, ही माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. शहरात पडलेल्या पावसाने गटारं तुंबतात, पूर येतो तो वरच्या पाण्याने. तालुक्याच्या पावसाचे आकडे महसूल मंडळांप्रमाणे येतात. त्यातले शिरगाव आणि कळकवणे मी आधी वाचते, मग खेर्डी, आणि चिपळूण सगळ्यात शेवटी. कळकवणे म्हणजे तिवरे गावाकडची, दसपटीच्या गावांची, डोंगराकडची बाजू. शिरगाव कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला. शहरात नुसतं भुरभुरत असताना या दोन मंडळांत दोनशेच्या घरात आकडा दिसला, तर कोरड्या रस्त्यावर विसंबू नये.

अडचण अशी की हे आकडे सकाळी कळतात, तेही मागच्या २४ तासांचे. रात्री दोन वाजता घाटाखाली काय चाललंय ते कळायला त्यांचा उपयोग नाही. रडारची चित्रं पाहायला लागले, पण तिथेही एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागली. मुंबईचं रडार आपल्यापासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून लांब आणि पणजीचं त्याहूनही दूर. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या अंतरावर रडारचा किरण जमिनीपासून सुमारे तीन किलोमीटर वरून जातो. आपल्याकडे पावसाळ्यातले बरेचसे ढग त्याच्या खालीच बरसून मोकळे होतात. तेव्हा रडारवर फिकट दिसलं म्हणून पाऊस कमी, असं धरू नका. समुद्राकडून पट्ट्यामागून पट्टा येतोय का आणि तो घाटाला अडून तिथेच थांबलाय का, हे पाहण्यापुरतं मी ते वापरते. हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाजही पाहते.

खरी मदत होते ती माणसांची. शिरगावला माझी आतेबहीण आहे. तिच्या परसात सरळ कडांची एक बादली उघड्यावर ठेवलेली असते आणि आत पट्टी उभी केलेली. जोराचा पाऊस असला की ती तासातासाला किती चढलं ते कळवते. सरकारी पर्जन्यमापकाइतकं ते अचूक नसेल, पण तासाला पन्नास मिलिमीटर आणि तासाला दहा यातला फरक बादलीलाही कळतो.

दुसरं टोक खाडीकाठच्या गोवळकोटचं. तिथल्या धक्क्यापाशी राहणाऱ्या एका चाचांची होडी आहे, सगळा जन्म खाडीत गेलेला. भरतीचं वेळापत्रक आता फोनवर मिळतं, पण जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. त्रयोदशी असेल तर तेराचे पाऊणपट पावणेदहा, म्हणजे साधारण दहाच्या आसपास भरती टिपेला. ढोबळ हिशेब आहे, दाभोळच्या तोंडाशी आणि इथे आत वेळ मागेपुढे होते, तरी दिवे नि नेटवर्क गेल्यावर तोच हाताशी राहतो. भरती कशी आहे ते मात्र चाचाच सांगू शकतात. एका रात्री मी विचारलं, “चाचा, पाणी कुठवर आलं?” ते म्हणाले, “पायऱ्या दिसतायत अजून. पण पाणी तटलंय बाय, खाली सरकत नाय. ओहोटी लागून वेळ झाला.” ओहोटी लागूनही नदी उतरत नाही, याचा अर्थ वरून येणारं पाणी ओहोटीला भारी पडतंय.

आतेबहिणीचा निरोपही तोच होता, पाऊस थांबलेला नाही. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोक्याची ७. नदी तेव्हा पाचच्या खालीच होती आणि बाजारात बरेच जण झोपायला गेले होते. मी मात्र गेल्या दोन तासांत पातळी किती वेगाने चढली ते पाहिलं, पुढची भरती कधी ते पाहिलं आणि ह्यांना उठवलं. दोघांनी मिळून खालच्या दोन फळ्या रिकाम्या केल्या. आधी भारी साड्या, मग हिशेबाच्या वह्या नि संगणक, मग तागे. चादरी-सतरंज्या शेवटी, त्या धुऊन निघतात. हा क्रम मे महिन्यातच ठरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असतो, कारण अंधारात डोकं चालत नाही. त्या रात्री पाणी रस्त्यावर आलं आणि पायऱ्यांशी थांबून परतलं. माल पुन्हा खाली लावायला सगळा दिवस गेला, त्याचं मला काहीच वाटलं नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, “उगाच उचललंत का गं?” मी म्हटलं, “नाही काकू, अजून एवढाच चढ राहिला असता तर भरतीच्या वेळी आत होतं.” पुढच्या वेळी त्यांच्या मुलाने माझ्याआधी फोन केला.

आता आमच्या गल्लीत पातळीपेक्षा चढण्याचा वेग आधी विचारतात. पाच मीटरवर थांबलेली नदी आणि चार मीटरवरून तासाला अर्धा मीटर चढणारी नदी, यातली दुसरी जास्त घातक, विशेषतः तीन तासांनी उधाणाची भरती असेल तर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस मी जूनमध्येच कॅलेंडरवर लाल पेनाने घेरून ठेवते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती असते, तेव्हा तेवढ्याच पावसात नदीला खाडीकडे निघून जायला वाट मिळते.

पूररेषांबद्दलही थोडं सांगते. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. बाजारात काही जणांचा समज आहे की २०२१ ला मोठा पूर येऊन गेला, आता शंभर वर्षं चिंता नाही. तसं नसतं. दरवर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, आणि ती पुढच्या वर्षीही तेवढीच राहते. आमच्याकडे २००५ आणि २०२१ मध्ये सोळाच वर्षं गेली. नदीतला गाळ काढण्यासाठी चिपळूणकरांनी आंदोलन केलं, उपोषणं केली आणि मग गाळ उपसायला सुरुवात झाली, ते फार मोलाचं काम झालं. पण गाळ दर पावसाळ्यात नव्याने येतो, उपसाही दरवर्षी व्हायला हवा आणि त्यासाठी आपण मागे लागलं पाहिजे.

मला सगळ्यात जास्त हवंय ते तिवऱ्याच्या बाजूला आणि घाटाच्या पायथ्याला दर तासाला आकडा देणारं पर्जन्यमापक, आणि तो आकडा कुणालाही फोनवर पाहता येईल अशी सोय. कोळकेवाडीचा विसर्ग आणि नदीची पातळीही त्याच पानावर असावी. तोवर आम्ही माणसं जोडतोय. या मे महिन्यात पेठमाप आणि खेंडमधल्या घरांत जाऊन २०२१ चं पाणी कुठवर होतं ते भिंतीवर रंगाने आखायचं आणि प्रत्येक घरासाठी ‘नदी इतकी झाली की निघा’ असा आकडा लिहून ठेवायचा, असं ठरलंय. म्हातारी माणसं एकटी राहतात ती घरं आधी घेणार आहोत.