हळदीच्या कॅप्सूल घेऊ का?

शाळेत बावीस वर्षं केमिस्ट्री शिकवतेय, त्यामुळे नात्यात नाहीतर सोसायटीत कुणालाही खाण्यापिण्याबद्दल शंका आली की ती फिरून माझ्याकडेच येते, आणि साठी ओलांडलेल्यांचा हल्ली एकच प्रश्न, हळदीच्या कॅप्सूल घेतल्या तर म्हातारपणी विसरायला होत नाही म्हणे, खरं का? त्यात आम्ही पडलो सांगलीचे, हळदीच्या पेठेतले, म्हणजे मी हो म्हणणार हे गृहीतच. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी घेत नाही आणि माझ्या ऐंशी वर्षांच्या आईलाही देत नाही.

वरण सांडलेला पांढरा शर्ट आठवा. डाग पिवळा, साबण लावला की लाल, भरपूर पाण्यात खळबळला की परत पिवळा, आणि दोन दिवस कडक उन्हात वाळत घातला की फिका पडत पडत गायब. हळदीत चुना कालवून कुंकू करायचे तीही हीच गंमत. हे सगळे चाळे कर्क्युमिनचे, म्हणजे हळदीतल्या त्या पिवळ्या द्रव्याचे, आणि कॅप्सूल विकल्या जातात त्या त्याच्याच नावावर. उन्हात टिकत नाही, साबणासारख्या अल्कलीत टिकत नाही, पाण्यात विरघळत नाही असा हा नाजूक पाहुणा, त्यातून आतड्यातून जे काही थोडंफार रक्तात शिरतं ते लिव्हर लगेच बाहेर काढायला बघतं. मग मेंदूपर्यंत पोचणार किती?

लॅबमध्ये मात्र कर्क्युमिन एकदम हुशार, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होऊ देत नाही, सूज कमी करतं, म्हणून तर एवढा गाजावाजा. माणसांवर बघायला गेलं तर अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठाचा २०१८ साली एक अभ्यास आला, ४० माणसं, त्यातल्या साधारण निम्म्यांना १८ महिने, रोज दोनदा ९० मिलिग्रॅम, तेही रक्तात नीट शिरेल असं मुद्दाम बनवलेलं कर्क्युमिन, आणि त्यांची स्मरणशक्ती थोडी सुधारली. छान आहे, पण ४० माणसं म्हणजे माझा एक वर्गसुद्धा भरत नाही! आणि ज्यांना आधीच अल्झायमर झालाय त्यांना २४ आठवडे देऊन बघितलं तर काहीच फरक नाही.

स्वयंपाकघरातला हिशोब तर आणखी गमतीचा. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, चौघांच्या भाजी-आमटीत दिवसाला दीड ग्रॅम हळद गेली तर माणशी १०-१२ मिलिग्रॅम. त्यामुळे "आपण पिढ्यान्‌पिढ्या हळद खातो म्हणून आपला मेंदू शाबूत" वगैरे ऐकलं की मी गप्प बसते.

मिरीबरोबर हळद जास्त अंगी लागते म्हणतात, ते मात्र खरं आहे, बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ साली दाखवलंय की कर्क्युमिनबरोबर मिरीतलं पिपरीन दिलं तर रक्तात ते २००० टक्के जास्त सापडतं. पण पिपरीन हे करतं कसं, तर लिव्हरचं साफसफाईचं काम अडवून, आणि लिव्हर काय फक्त हळदच साफ करतं का, तुमच्या बाकीच्या गोळ्याही तिथूनच जातात ना. आमच्या एका काकांना रक्त पातळ करायची गोळी चालू, त्यात कुणीतरी मिरीवाल्या कॅप्सूल आणून दिल्या, महिन्याभरात ब्रश करताना हिरड्यांतून रक्त. डॉक्टरांनी आधी कॅप्सूलची बाटली मागवून घेतली आणि मग जे काय बोलायचं ते बोलले. इटलीत तर २०१९ मध्ये अशा सप्लिमेंटनंतर लिव्हरला सूज आलेल्या बऱ्याच केसेस निघाल्या होत्या.

मग भाजीपाल्यात काहीच नाही का? आहे ना, माझा जीव तिथेच आहे. शिकागोच्या रश युनिव्हर्सिटीने ९६० वयस्कर माणसांना सरासरी पावणेपाच वर्षं बघितलं, २०१८ साली छापून आलं, रोज एक वाटीभर पालेभाजी खाणाऱ्यांची स्मरणशक्ती न खाणाऱ्यांपेक्षा इतकी हळू उतरली की जणू त्यांचं वय ११ वर्षांनी कमी. ल्युटीन, फोलेट, व्हिटॅमिन के, केम्फेरॉल असं बरंच काही असतं पाल्यात. आता पालेभाजी खाणारा माणूस चालायलाही जात असेल, बीपीची गोळीही वेळेवर घेत असेल, तेव्हा सगळं श्रेय भाजीचं नाही, आणि त्याच मंडळींनी मेंदूसाठी आखलेल्या, पालेभाज्यांवर भर देणाऱ्या माइंड डाएटची ६०४ जणांवर ३ वर्षं रीतसर चाचणी केली तर २०२३ मध्ये निकाल आला की नेहमीचंच खाणाऱ्या दुसऱ्या गटाशी फारसा फरक नाही. मला वाईट वाटलं खरं. तरी चाकवत, अंबाडी, राजगिरा आमच्याकडे आलटून पालटून असतोच, तेलाच्या फोडणीत, कारण ल्युटीन तेलाशिवाय नीट अंगी लागत नाही.

हळद सोडा असं मी म्हणत नाहीये हं. फक्त भडक पिवळ्या सुट्या पावडरीपेक्षा हळकुंडं आणून दळून घ्या. बांगलादेशात २०१९ मध्ये उघडकीला आलं की रंग खुलावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट घालत होते, म्हणजे शिसं, मेंदूचा शत्रू. मेंदूसाठी म्हणून हळद खायची आणि त्यातून शिसं पोटात!

काकांच्या उरलेल्या कॅप्सूल मी मागून आणल्या. दहावीच्या मुलांसमोर फोडून साबणाच्या पाण्यात टाकल्या, लालभडक झालं, मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उठून बघायला आली.