बोटीत उलटं बसून

वॉटर स्कीइंग म्हणजे पायात स्की नावाच्या लांब फळ्या घालून, बोटीला बांधलेला दोर धरून पाण्यावरून घसरत जायचं. त्या बोटीत एक माणूस उलटा बसतो. चालवणाऱ्याचं लक्ष पुढं, दोराच्या टोकाला असलेल्याचं स्वतःच्या जिवाकडं, आणि दोघांमध्ये निरोप पोचवायला हा तिसरा. अमेरिकेतल्या मिनेसोटात, म्हणजे आमच्या राज्यात, तसा कायदाच आहे: मागं कुणाला ओढत असाल तर बोटीत पाहणारा हवा, नाहीतर मोठा आरसा तरी हवा. आमच्या बोटीतला आरसा मीच.

दर जुलैत आम्ही चार मराठी कुटुंबं मिळून ब्रेनर्डच्या बाजूला तळ्याकाठचं एक केबिन आठवडाभर भाड्यानं घेतो. इथले लोक केबिनला निघाले की नुसतं ‘अप नॉर्थ’ म्हणतात, जसं आपण ‘गावाला’ म्हणतो. कुठल्या, हे कुणी विचारत नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तळी’ लिहिलेलं असतं. दहा एकरांहून मोठी तेवढीच मोजली तरी ती ११,८४२ भरतात. कमी सांगून मिरवणारं दुसरं राज्य मी पाहिलेलं नाही.

बोट शेजारच्या केबिनमधल्या आजोबांची. सकाळी सहाला ते धक्क्यावर हजर, कारण तेव्हा पाणी साय धरलेल्या दुधासारखं असतं. नऊला बाकीच्या बोटी सुटल्या की साय मोडते, आणि मग आम्ही कांदेपोह्यांना मोकळे.

मी स्वतः दोर धरला तो एकाच सकाळी, सात वेळा. गुडघे छातीशी, हात सरळ, स्कीची टोकं पाण्याबाहेर, आणि मग काही करायचं नाही, बोट उचलेल, असं आजोबांनी सांगितलं होतं. त्यातलं ‘काही करायचं नाही’ हेच जमत नाही. दोर आधी पाण्यावर आळसावून पडलेला असतो. मग एकेक वेटोळं सुटतं, थेंब उडवत तो ताठ होतो, आणि नेमकं तेव्हाच प्रत्येक नवखा जे करतो ते मीही केलं: हँडल छातीकडं ओढलं. नाकातोंडात तळं! पडल्यावर दोर सोडून द्यायचा, हेही सुचत नाही. दोनदा मी पाण्याखालून पोहऱ्यासारखी ओढली गेले. सातव्यांदा उभी राहिले. नवरा म्हणतो, चार सेकंद. मी दहा धरते.

तेवढं पुरे झालं. तसा काठावरचा अनुभव माझ्याकडं जुना आहे. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावी काका भावाच्या पाठीला वाळका भोपळा बांधून त्याला विहिरीत ढकलायचे. मुलींना पोहायला शिकवायची आमच्याकडं पद्धत नव्हती (मी शिकले इथं येऊन, तिशीत). मी त्याच्या चपला सांभाळत काठावर उभी, डोकं वर आलं की ‘आला!’ म्हणून ओरडायला. तेव्हा फार राग यायचा.

आता येत नाही, कारण उभं राहतानाचा चेहरा फक्त उलट्या बसलेल्याला दिसतो. आमच्यातले एक गृहस्थ सगळ्यांचे टॅक्सचे कागद तपासून देतात, अत्यंत गंभीर. पाण्यावर आले की तोंडाचा आ करतात तो परत पडेपर्यंत मिटत नाही. आणि आमचा धाकटा, वय वर्षं चौदा. घरात माझ्याशी तीन शब्दांच्या वर बोलत नाही. तिथं मात्र उभा राहिला की थेट माझ्याकडंच बघतो, मी बघतेय ना, हे बघायला.

तीन वर्षांपूर्वी आई आली होती. तिलाही लाइफ जॅकेट चढवून माझ्याशेजारी उलटं बसवलं. धाकट्यानं अंगठा वर केला तशी ती चमकली. ‘अंगठा दाखवतोय बघ तुला!’ अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, डोक्यावर टपली म्हणजे परत धक्क्यावर चला, हे सगळं तिला समजावून सांगितलं. तिनं त्यातलं काहीच वापरलं नाही. तिचा एकच निरोप, तोही सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असा: ‘पडला!’ बरेचदा तो पडायच्या आधीच.

हा खेळ मिनेसोटातच सुरू झाला, हे आजोबा प्रत्येक पाहुण्याला सांगतात, तसं तिलाही सांगितलं. १९२२ सालचा उन्हाळा, मिसिसिपी नदी रुंदावून झालेलं पेपिन सरोवर, आणि अठरा वर्षांचा राल्फ सॅम्युएलसन. आधी त्यानं पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही बुडाल्या. मग आठ फूट लांब, नऊ इंच रुंद अशा दोन फळ्या आणल्या आणि टोकं वर वळवण्यासाठी आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून काढल्या. भाऊ बोट चालवायचा, हा पडायचा. शेवटी २ जुलैला टोकं पाण्यावर धरून मागं रेलला, आणि उभा राहिला. पेटंट काही त्यानं घेतलं नाही. ते १९२५ मध्ये दुसऱ्याच माणसानं घेतलं.

मी भाषांतर करत होते. आई पेटंटपर्यंत पोचलीच नाही. ‘आईच्या भांड्यात? लाकडं? आणि ती काही बोलली नाही?’

आजोबांना तिचा तो एक शब्द इतका आवडला की त्यांनी उचललाच. आता पुढं बघूनच, नुसता दोर सैल पडल्याचं जाणवलं तरी ते ‘पडला!’ म्हणतात. मुलगी पडली तरी पडलाच. परवा आईला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाली, ‘पडली म्हणावं त्यांना. आणि त्या भांड्याचं पुढं काय झालं, ते विचारलंस का?’