सुकटीच्या मूळ गावी

सोलापुरात मासा म्हटला की बहुतेक घरांत उजनीची चिलापीच डोळ्यांसमोर येते. समुद्राची मासळी लहानपणी मला ठाऊक झाली ती मंगळवार बाजारातून आई आणत असे त्या सुकटीमुळे. लसूण, लाल तिखट आणि शेंगदाण्याचा कूट घालून परतलेली ती सुकट आम्ही ज्वारीच्या भाकरीबरोबर आवडीने खात असू. म्हणूनच यंदा मे महिन्यात मालवणजवळच्या एका लहानशा गावात मत्स्यमहोत्सव भरणार असल्याचे कळले, तेव्हा मी आईलाही बरोबर घेतले. वाटेसाठी तिने कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली.

किनाऱ्यावरच्या मांडवात गावातल्या बायकांनीच चुली मांडल्या होत्या. तांदळाच्या पिठात घोळवून तळलेली सुरमई आणि तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, सुके चांगलेच होते. पण मला सर्वांत आवडले ते बांगड्याचे तिखले. बांगड्याचा उग्र वास मोडण्यासाठी त्यात त्रिफळे (आयुर्वेदातले त्रिफळा चूर्ण नव्हे, मिरीसारखी मसाल्याची फळे) घालतात, आणि त्यांची किंचित झिणझिणी जिभेवर बराच वेळ राहते.

आई मात्र सुक्या मासळीच्या टोपल्यांपाशी जी थांबली, ती तासभर हलली नाही. आपण जिला सुकट म्हणतो, तिला तिथे गोलमा म्हणतात. विकणाऱ्या मावशींनी सांगितले, की उन्हाळ्यातले कडक ऊन हाती आहे तोवरच मासळी वाळवून घ्यावी लागते, कारण पुढे पावसाळा लागतो, समुद्र खवळतो आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हा मासळीच्या विणीचा काळ. त्या दोन महिन्यांत किनाऱ्यावरच्या घरांचे जेवण या वाळवणावरच निभते. ताजी मासळी मिळत नाही अशा दूरच्या गावांसाठीच सुकट करतात, ही माझी इतक्या वर्षांची समजूत तिथे गळून पडली. आधी ती त्यांच्या स्वतःच्या पावसाळ्याची बेगमी होती.

"मासळी गाभोळी धरूक लागली, ताई, आता थांबूक व्हया," असे मावशी आईला म्हणाल्या. अंड्यांनी भरलेली मासळी मारली तर पुढच्या हंगामात जाळ्यात काय येणार, हे त्यांनी वेगळे सांगण्याची गरज नव्हती. त्याच मांडवात दोन ठिकाणी वीतभरही नसलेली सुरमईची पिल्ले तळून विकली जात होती, याचे मला फार वाईट वाटले. २०२३ मध्ये राज्य सरकारने अनेक जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. मासळीच्या नावाने भरणाऱ्या उत्सवात तरी तो कसोशीने पाळला जायला हवा.

निघताना आईने किलोभर गोलमा घेतला आणि उरलेल्या कडक भाकऱ्या मावशींच्या हाती दिल्या. त्या बदल्यात मावशींनी तिला किसमूर सांगितली: गोलमा कोरडा भाजायचा, त्यात कांदा, ओले खोबरे, तिखट आणि कोकम घालायचे, आणि पुन्हा चुलीवर ठेवायचे नाही. गेल्या रविवारी आईने ती घरी केली. नारळाबरोबर तिने मूठभर शेंगदाण्याचा कूटही घातला होता.