तुम्ही विचारलंत म्हणून: कोर्स संपला, आता कुठलं प्रोबायोटिक?

“अँटिबायोटिकचा कोर्स संपला, पण पोट काही ताळ्यावर येत नाही. स्वस्तातलं आणि चांगलं असं एखादं प्रोबायोटिक सांग ना.”

महिन्यातून दोनदा तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो. (प्रोबायोटिक म्हणजे पोटाला चांगले म्हणून मुद्दाम घ्यायचे जिवंत जंतू.) मी डॉक्टर नाही, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पण जंतूंचं शिकवते म्हणजे पोटातल्या जंतूंचंही हिला ठाऊक असणार, असा नात्यागोत्यात पक्का समज आहे. हल्ली प्रश्नासोबत पाकिटांचे फोटोही येतात. एक महागडं, एक मधलं, एक त्यातल्या त्यात परवडणारं. खाली एकच ओळ, “यातलं कुठलं?” मी उलट विचारते, कोर्स कधी संपला? “झाले चार दिवस.” मग माझं उत्तर बहुतेक वेळा असं असतं की यातलं कुठलंच नको. समोरच्याला वाटतं, ही टाळतेय.

टाळत नाही. मी स्वतः यात पैसे घालवून बसले आहे. काही वर्षांपूर्वी दाढेच्या गळवासाठी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड आणि जोडीला मेट्रोनिडाझोल घ्यावं लागलं. तिसऱ्या दिवसापासून पोट गेलं ते गेलंच. कोर्स संपल्या संपल्या मी जाऊन सगळ्यात महाग, चौदा वाणांचं (वाण म्हणजे जंतूंच्या जातीतला एखादा ठरावीक प्रकार) पाकीट घेऊन आले. शिकवते मी जंतूंचं, आणि पाकीट निवडलं मात्र त्यावरचा आकडा बघून! पाच दिवसांत पोट पूर्ववत झालं आणि सगळं श्रेय मी कॅप्सूलला देऊन टाकलं. साधे जुलाब अँटिबायोटिक थांबल्यावर बहुतेकांचे थोड्या दिवसांत आपोआप थांबतात, हे मला वर्गात पाठ होतं. संडासात बसल्यावर आठवलं नाही.

आधी आकड्यांचंच बघू. आपल्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात आणि त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. बऱ्यापैकी कॅप्सूलमध्ये असतात हजार कोटी. पाकिटावर हा आकडा डोळे दिपवतो, पण भागाकार करून बघा: ३,८०० वस्तीच्या गावात एक माणूस आला. बरं, तोही त्या गावचा नव्हे. मोठ्या आतड्यातले बरेचसे मातब्बर रहिवासी हवा लागली की मरतात. त्यांना कारखान्यात वाढवून, सुकवून, डबीत भरणं महाकठीण. डबीत येतात ते वाढवायला आणि टिकवायला सोपे, म्हणजे मुख्यतः लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम या कुळांतले. गोळ्या चालू असेपर्यंत ते पोटातून जाता-येता दिसतात, थांबवल्या की बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत दिसेनासे होतात. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई. त्यांची अक्कल शाबूत असते, ते राहत नाहीत.

तरी काय बिघडलं, पाहुणा आला तर? मलाही बरेच दिवस असंच वाटायचं. मग २०१८ मध्ये इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेचा एक अभ्यास आला. २१ निरोगी माणसांना सात दिवस सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल दिलं. नंतर त्यांचे तीन गट केले. एकाला काहीच दिलं नाही. दुसऱ्याला अकरा वाणांचं प्रोबायोटिक चार आठवडे दिलं. तिसऱ्याला त्यांचीच, अँटिबायोटिकच्या आधी जपून ठेवलेली विष्ठा परत आतड्यात सोडली. (नाक मुरडू नका, हा रीतसर उपचार आहे.) तिसरा गट काही दिवसांतच मूळपदावर आला. काहीच न घेतलेल्यांचे जंतू साधारण तीन आठवड्यांत बरेचसे परतले. आणि प्रोबायोटिकवाल्यांचे? पाच महिन्यांनीसुद्धा पुरते परतले नव्हते. बाहेरून आलेल्यांनी मोकळ्या जागेत पथारी पसरली आणि मूळच्या रहिवाशांना परतायला वेळ लागला, असा त्याचा अर्थ लावला गेला.

२१ माणसांवरून ब्रह्मवाक्य काढू नये, आणि तेही एकाच मिश्रणाच्या बाबतीत. पण ‘घेतलं तर फायदा, नाहीतर तोटा तरी काय’ हे वाक्य मी तेव्हापासून म्हणत नाही. त्याच वर्षी दुसरं एक काम प्रसिद्ध झालं. त्यात बारा निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जबरदस्त अँटिबायोटिक्स एकत्र दिली होती. दीड महिन्यात त्यांच्या आतड्यातली वस्ती जवळपास पहिल्यासारखी झाली, कुठलीही कॅप्सूल न घेता. जवळपास म्हणते, कारण आधी सगळ्यांकडे असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनीही बहुतेकांत सापडल्या नाहीत. पण त्या नऊ जाती दुकानातल्या डबीतून आणता येतात असंही नाही.

मग प्रोबायोटिक म्हणजे सगळी थापच का? तसंही नाही. त्याची वेळ वेगळी आहे. जे चांगले पुरावे आहेत ते कोर्स संपल्यावर पोट ‘पूर्ववत करण्याचे’ नाहीत. कोर्स चालू असताना जुलाब होऊ न देण्याचे आहेत.

वर्गात मी हे बशीत दाखवते. पेट्री डिशमध्ये आगरचा घट्ट थर, त्यावर कापसाच्या बोळ्याने लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस सगळीकडे सारखा पसरायचा. मधोमध अमॉक्सिसिलिन शोषलेली कागदाची टिकली, कपाळावरच्या टिकलीएवढीच. उबेत ठेवून दोन दिवसांनी झाकण उघडलं की बशीभर दुधट साय धरलेली असते आणि टिकलीभोवती मात्र लख्ख मोकळा गोल. तिथे कोणी जगलं नाही. शेजारच्या बशीत सॅकॅरोमायसीस बुलार्डी. हे यीस्ट आहे, पाव फुगवतात त्याचं भावंड. झाकण उघडताच आंबलेल्या पिठाचा वास येतो, आणि ते टिकलीला अगदी खेटून वाढलेलं असतं. गोल नाहीच. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, यीस्टला त्याचं सोयरसुतक नसतं. मुलं दोन्ही बशा आळीपाळीने उजेडाकडे धरून बघतात आणि पुढचं अर्धं व्याख्यान माझं वाचतं.

म्हणजे कोर्स चालू असताना घ्यायचं झालं तर दोन वाटा. एकतर बुलार्डीसारखं यीस्ट, जे अँटिबायोटिकच्या जोडीने घेता येतं. किंवा जिवाणूवालं प्रोबायोटिक, पण अँटिबायोटिकच्या डोसपासून दोन-तीन तास लांब. (बुरशीवरचं औषध चालू असेल तर मात्र बुलार्डीचाच बळी जातो.) हेन्री बुलार या फ्रेंच संशोधकाने १९२० च्या दशकात इंडोचायनात, कॉलऱ्याची साथ चालू असताना, लिची आणि मँगोस्टीन या फळांवरून हे यीस्ट वेगळं केलं. त्याचं नाव अजून पाकिटावर आहे. ही गोष्ट मला उगाचच आवडते.

पुरावा किती? मुलांच्या बाबतीत बरा. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) ३३ चाचण्या आणि सहा हजारांवर मुलं होती. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांचं प्रमाण प्रोबायोटिक न घेणाऱ्यांत १९ टक्के, घेणाऱ्यांत ८ टक्के. फायदा दिसला तो मुख्यतः दिवसाला ५०० कोटी किंवा जास्त मात्रेत, आणि त्यातल्या त्यात रॅम्नोसस व बुलार्डी ही दोन नावं पुढे. सी. डिफिसिल या जंतूमुळे होणारे जुलाब जास्त वाईट. त्यांच्याबद्दलचा २०१७ चा आढावा सांगतो की प्रमाण ४ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आलं, पण खरा फायदा मुळात धोका जास्त असलेल्यांना. आणि या सगळ्यावर पाणी ओतणारी चाचणी २०१३ ची, ब्रिटनमधली: रुग्णालयातले पासष्टीपुढचे २,९४१ रुग्ण, एका बाजूला चार वाणांचं मिश्रण, दुसऱ्या बाजूला नुसती दिखाऊ कॅप्सूल. जुलाब १०.८ टक्के आणि १०.४ टक्के. फरक शून्य म्हणा ना. वाण बदलला की निकाल बदलतो, एवढं यातून मी घेतलं. ‘प्रोबायोटिक’ हे एका औषधाचं नाव नव्हेच; ‘भाजी’ म्हणण्यासारखं आहे.

आता स्वस्ताचं. पूर्वी अँटिबायोटिकने हमखास पोट बिघडलेलं असेल, लहान मूल असेल, वय झालेलं असेल, तर डॉक्टरांना विचारून पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करा, आणि एकाच वाणाचं साधं पाकीट घ्या. चौदा वाणांचे पैसे कशाला? रॅम्नोसस आणि बुलार्डी ही पुढे आलेली दोन्ही नावं एकेकट्यानेही मिळतात. नाव पूर्ण छापलेलं हवं: कूळ, जात, आणि शेवटी वाणाची खूण, म्हणजे ‘जीजी’सारखी अक्षरं किंवा क्रमांक. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलं असेल तर ठेवून द्या. (२०२० मध्ये या कुळाची फाळणी झाली, त्यामुळे रॅम्नोससच्या आधी ‘लॅक्टिकेसीबॅसिलस’ दिसलं तर दचकू नका, माणूस तोच.) मग जिवंत जंतूंचा आकडा मुदत संपेपर्यंतचा आहे की तयार केला त्या दिवशीचा, ते बघा. दुसऱ्याला फारसा अर्थ नाही. बुलार्डीवर बरेचदा मिलिग्रॅम छापतात. २५० मिलिग्रॅम म्हणजे साधारण ५०० कोटी. किंमत पाकिटाची नको, दिवसाच्या मात्रेची काढून ताडून बघा. बारीक अक्षरातलं ‘दोन कॅप्सूल दिवसातून दोनदा’ वाचलं की स्वस्त पाकीट पुष्कळदा महाग निघतं. आणि फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर दुकानातही ते फ्रिजमधूनच निघालं पाहिजे, काउंटरवरच्या टोपलीतून नव्हे.

काही जणांनी मात्र परस्पर अजिबात घेऊ नये. प्रतिकारशक्ती खालावलेले, केमोथेरपी चालू असलेले, मोठ्या शिरेत नळी घातलेले, अपुऱ्या दिवसांची बाळं. अशांच्या रक्तात हे ‘चांगले’ जंतू शिरून गंभीर संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत.

कोर्स संपून गेलाय त्यांनी काय करायचं? खायचं. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा ब्युटिरेट नावाच्या आम्लातून घेतात, आणि ते जंतू बनवतात, तंतुमय अन्न आंबवून. जंतू घटले की ते अन्न न आंबता तसंच पुढे सरकतं, पाणी ओढून घेतं आणि शौच पातळ होतं. उरलेल्या जंतूंना वाढायला चारा लागतो: डाळी, कडधान्यं, कांदा, लसूण, जरा कच्चट केळं, शिजवून गार केलेला बटाटा. पोट अजून ढिलं असेल तर एकदम तुटून पडू नका, गॅसने हैराण व्हाल. दोन-तीन दिवस हलकं खाऊन हळूहळू वाढवा. दही खा, जरूर खा. त्यातले जंतूही पाहुणेच, पण ते दुधातली साखर पचवायला हात लावतात आणि अंगाला काही लागतं तरी. आंबवल्यानंतर तापवून विकतात त्या दह्यात जिवंत काही नसतं. आणि कोर्स चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन असेल तर गोळीसोबत दूध-दही नको, कॅल्शियम त्या औषधाला धरून ठेवतं. दोन तासांचं अंतर ठेवा.

एवढं मात्र लक्षात असू द्या: दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा पाण्यासारखं होत असेल आणि दोन दिवसांत थांबत नसेल, ताप असेल, रक्त पडत असेल, पोटात पिळवटत असेल, तर ना दही ना कॅप्सूल, डॉक्टर. सी. डिफिसिल कोर्स संपल्यावर कित्येक आठवड्यांनीही डोकं वर काढतो. तेव्हा जुलाब थांबवायची गोळी मनाने घेणं अंगाशी येऊ शकतं. आणि कोर्स चालू असताना पोट बिघडलं म्हणून अँटिबायोटिक आपल्या मनाने बंद करू नका, ज्यांनी लिहून दिलंय त्यांना फोन करा.

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. लेकाचा कान फुटलाय, मागच्या वेळी अँटिबायोटिकने त्याचे फार हाल झाले होते, म्हणून या वेळी डॉक्टरांनीच सोबत प्रोबायोटिक द्यायला सांगितलंय. “मावशी, पहिला डोस आज रात्री आहे. दुकानात उभी आहे, दोन पाकिटं आहेत समोर.” इतक्या वर्षांत कोणीतरी पहिल्यांदाच वेळेवर विचारत होतं. मी म्हटलं, फोटो नको पाठवूस, मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाच. तिने वाचायला सुरुवात केली, रॅम्नोससपाशी अडखळली, पुढची दोन अक्षरं नीट म्हणाली. “पुढे आकडा आहे, मावशी.” मी विचारलं, आकड्याखाली काय लिहिलंय? ती चष्मा शोधत राहिली, आणि मागे दुकानदाराचा आवाज आला, “ताई, मुदत संपेपर्यंतचाच आहे तो.”